रेघेवरची टाकी

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा मोटारींचे पत्राकाम, हा कागद माझ्या मनाने लिहून ठेवते. पोटात गाठ आहे, ती पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. वरून किती दिसते आणि आत किती असते, हे मला माझ्या धंद्याने शिकवले आहे, म्हणून हा कागद आधी. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून सही मागितलेली नाही. गोड बोलणारे घरात कोणी उरलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. गॅरेजची शेड माझ्या नावावर आहे. पाटीवर माझ्या पतीचे नाव असल्याने लोकांचा गैरसमज होतो. ही जागा माझ्या आईने स्वतःचे राहते घर विकून मला घेऊन दिली आणि मग आमच्याकडे मागच्या खोलीत राहिली. ही शेड मी माझ्या मुलीला, ठकूला देते. ती दातांची डॉक्टर आहे, दुसऱ्या गावी असते. तिने शेड चालवावी, भाड्याने द्यावी किंवा विकावी. मात्र काहीही करण्याआधी जमिनीवरची पांढरी रेघ खरवडून काढावी. ही रेघ माझ्या पतीने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मारली. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे इंजिन थरथरत होते, मी स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि ते शांत झाले. गिऱ्हाईक म्हणाले, "मेस्त्री, वहिनींचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे." मेस्त्री म्हणजे माझे पती. दुसऱ्या दिवशी रेघ आली. पलीकडे इंजिन, त्यांचे. अलीकडे पत्रा, माझा. सव्वीस वर्षांत दोनदा रंग उडाला, दोन्ही वेळा त्यांनी तो स्वतः पुन्हा मारला. माझ्या बाजूचे छप्पर गळते, ते सांगून सांगून मी थकले.

२. माझे तिन्ही हातोडे, पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे, कात्र्या आणि वेल्डिंगचा संच समोरच्या सीटकव्हरवाल्या बाईंना द्यावा. त्यांना पत्राकाम येत नाही, पण त्या मागून घेतलेली वस्तू पुसून परत करतात. बँकेत आहे ते ठकूचे. कपाट, शिलाई मशीन आणि आईची काठीही तिचीच.

३. क्रीम रंगाची जुनी गाडी आता अस्तित्वात नाही, मी ती स्वतः कापली. तरी तिच्याबद्दल लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे वेडेपणाची वाटतील.

ती गाडी आम्ही माझ्या धाकट्या दिरांकडून घेतली. त्यांच्या अंगणात ती चार वर्षे उघड्यावर उभी होती. "वहिनी, गाडी नाही ही, लोणी आहे लोणी," ते म्हणाले. मी बोटाच्या पेराने दार ठोकले. आवाज बद्द आला. म्हटले, "भाऊजी, लोणी कुठलं, ही तर नुसती लांबी." गंजाची भोके बुजवायला जो लगदा भरतात, त्याला आम्ही लांबी म्हणतो. पतीने डोळे वटारले. भाऊ होता ना.

मी तीन महिने राबले. पायाखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, सगळे कापून नवे जोडले. पण गाडीत दम नव्हता. सपाटीला भुंग्यासारखी पळायची, चढ लागून पाय दाबला की खोकत बसायची. दहा मिनिटे उभी केली की काही झालेच नाही अशी निघायची. पतीने कार्बोरेटर तीनदा धुतला, प्लग बदलले, शेवटी इंजिन खोलून रिंगा घातल्या. पेट्रोलच्या गाळणीत लाल भुकटी सापडली, तेव्हा म्हणाले, "काय विकतात हे पंपवाले, कोण जाणे!" आणि दुसरीकडे पेट्रोल भरायला लागले.

भुकटी टाकीची होती. टाकी आतून गंजली होती. चढाला पेट्रोलची ओढ वाढली की गंजाचे पापुद्रे तळातल्या जाळीला चिकटायचे आणि इंजिन उपाशी पडायचे. गाडी थांबली की ते सुटून खाली बसायचे. टाकी पत्र्याची, पण तिच्यातले पेट्रोल इंजिनाचे. ती बरोबर रेघेवर आली. त्यांनी ती माझी धरली, मी त्यांची.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी जेवताना आईचे तोंड एका बाजूला वाकडे झाले. घास गालातच राहिला. इस्पितळ टेकडीवर, वीस मिनिटांचा रस्ता. गाडी चढावर चारदा थांबली, वीस मिनिटांचे सव्वादोन तास झाले. मी म्हणत होते, "अहो, टॅक्सी बघते मी." ते बॉनेटखालून म्हणत होते, "पाच मिनिटं. सापडलंय मला." दरवेळी सापडत होते. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "खिडकी उघड गं, पेट्रोलचा वास येतोय." टाकी तिच्याच सीटखाली होती. तिचे हे शेवटचे धड वाक्य. डॉक्टर म्हणाले, "दीड-दोन तास आधी आणलं असतं, तर." आणि त्यांनी केसपेपर मिटला. त्यानंतर आई सहा वर्षे जगली. उजवे अंग गेलेले, तोंडात फक्त "हां" आणि "नां". त्या सहा वर्षांत पती तिच्या खोलीत गेले नाहीत असे नाही, पण बसले नाहीत. दारातूनच विचारायचे, "बऱ्या आहात ना?" ती हां म्हणायची.

इस्पितळातून आल्यावर मी टाकी उतरवली, भडका उडू नये म्हणून पाण्याने भरून मग कापली आणि तिचे अर्धे त्यांच्या बाकावर नेऊन ठेवले. आत ओंजळभर गंज होता. त्यांनी तो बोटाने चाळला आणि म्हणाले, "टाकी म्हणजे पत्राच की." पुढे गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना, अगदी ठकूलाही हेच सांगितले, की पत्र्यात राहून गेले.

४. हे कलम मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. ठकूने ते बसून वाचावे.

मागच्या सीटखाली वेल्डिंग करताना मला टाकीचे बूड दिसले होते. गाडीचे सगळे बूड तपकिरी, आणि टाकीचे तेवढे काळेभोर, ताज्या रंगाचे. असा रंग गंज झाकायलाच मारतात, हे मला झोपेतही कळते. सांगायला म्हणून मी पतीच्या बाकापाशी गेले. त्यांनी मान वर न करता म्हटले, "रेघेपलीकडे." तिथे दोन गिऱ्हाइके उभी होती, ती हसली. मी परत फिरले. मनात म्हटले, शोध बाबा, तूच शोध. आणि साडेचार महिने मी त्यांना शोधू दिले. रोज संध्याकाळी ते हात पुसत, तोंड पाडून यायचे आणि मी ताट वाढायचे. मला ते आवडत होते. त्या गाडीत एक दिवस माझी आई बसेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते, असे मी लिहू शकते. पण दुसऱ्या कोणाची आई बसली असती तर चालले असते का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

५. धाकट्या दिरांना टाकीचे ते अर्धे द्यावे. शेडच्या माळ्यावर गोणपाटात आहे. ठकूने ते उघडे करून, भर दिवसा, त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवावे. काळा रंग त्यांनीच मारला, हे त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितले. "रंगाला कितीसा वेळ लागतो," असे ते स्वतः तिच्यासमोर म्हणाले होते म्हणे. त्यांना याखेरीज काही नाही, आणि त्यांनी मला शेवटचे बघायलाही येऊ नये.

६. पतींना शेडमधला इंजिनाचा बाक आणि त्याच्या भोवतालची जागा, हयातीपर्यंत. त्यांना दुसरे काही येत नाही आणि ठकूने बापाला रस्त्यावर काढावे असे मला वाटत नाही. मात्र अट अशी, की त्यांनी ठकूसमोर, माझ्या जिवंतपणी, एवढे एकच वाक्य म्हणावे: "टाकी मी उघडून बघायला हवी होती." ते न म्हटल्यास बाकही ठकूचा.

येथपर्यंत टाईप केलेले आहे. पुढचे माझ्या हाताने.

आज वकीलबाईंच्या कचेरीत पतीच मला घेऊन आले. ठकूही आली. अट माझ्या जिवंतपणीची असल्याने कागद त्यांना दाखवणे भाग होते. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. चौथे कलम दोनदा वाचले. मग ठकूकडे बघून म्हणाले, "टाकी मी उघडून बघायला हवी होती." आवाज चढवला नाही, तोंड वाकडे केले नाही. सरळ म्हणाले. नऊ वर्षे मी ज्याची वाट बघत होते ते एवढेसे होते.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तू."

मी म्हटले, "चौथ्यात लिहिलंय की."

"वाचलं. लिहिलंयस. तोंडाने म्हण. तुला दिसलं होतं आणि तू बोलली नाहीस, एवढं म्हण. पोरीसमोर."

ठकू म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना."

"का जाऊ दे? मी म्हटलं ना?"

मी तोंड उघडले. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी पाणी प्यायले. ठकू माझ्याकडे बघत होती, आणि मला ते वाक्य म्हणता आले नाही. पतींनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

कलम ६ मधली अट मी खोडली आहे. खोडलेल्या जागी बाजूला माझी छोटी सही आहे. बाक त्यांचा, हयातीपर्यंत, बिनशर्त. कलम ४ जसेच्या तसे राहील.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे.

लिहून ठेवणार: (सही) पत्राकाम करणारी, शेडची मालकीण

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: (सही) सीटकव्हरवाल्या बाईंचे यजमान, समोरचे दुकान
साक्षीदार २: (सही) वकीलबाईंच्या कचेरीतले टायपिस्ट

ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, पहिला मजला, कोर्टामागची गल्ली
सोमवार, १४ मार्च २०२२