अस्वलाखालचा बेडूक

डेल्बर्टदादा,

आपल्या कुळाच्या जुन्या कोरीव लाकडी खांबावर बेडूक नव्हताच, असं साऱ्या गावासमोर छातीठोक सांगितलंस! वर मला म्हणालास, "मर्टल, तू डोंगरांचेच फोटो काढ." अरे, बेडूक आपल्या कुळाची खूण. त्याच्याशिवाय नव्या खांबाला आपला कोण म्हणणार?

पर्यटक फक्त समोरून फोटो काढतात. खांब वादळात पडायच्या आधी मी बाजूनेही काढले होते. ते फोटो नवा खांब कोरणाऱ्या अर्लकाकांना दाखवले. कोरलेल्या अस्वलाच्या पंजाखाली बेडूक, अगदी ठसठशीत! काका हसून म्हणाले, "डेल्बर्टला चष्माही कोरून देऊ का गं?"

आता बेडूक कोरून झालाय. शनिवारी खांब उभा करायचाय. रीतीप्रमाणे तो ओढायच्या दोरीला पहिला हात थोरल्या भावाचा. येतोस की नाही, गुरुवारपर्यंत कळव. नाहीतर पहिला हात माझा.

मर्टल