टाचा जुळल्या

अकोला, कार्तिक वद्य पंचमी. दिवेलागण.

हात तीनदा धुतले, तरी नखांतली शाई जात नाही.

सकाळी बार्शीटाकळीचे सखाराम पाटील छापखान्यात आले होते. ऐन कापसाच्या हंगामात त्यांच्या गावच्या गाड्या छावणीचं सामान वाहायला वेठीला धरल्या. कापूस शेतात आणि बैल छावणीत! मी ती हकिकत माझ्या वर्तमानपत्रासाठी चांगली कडक लिहिली, छापायच्या दगडावर उतरवलीसुद्धा. पाटील खुशीत होते.

तेवढ्यात दारात बूट वाजले. छावणीचा साहेब. मी उठलो, टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला. पलटण सोडून इतकी वर्षं झाली, पण हे टाचांना कोण सांगणार? साहेबाला घोड्यांच्या लिलावाची जाहिरात छापून हवी होती, बस. दगडाकडे त्यानं पाहिलंही नाही. तो गेला, आणि मी ओली वाळू टाकून ती हकिकत घासून काढली.

पाटील बघतच राहिले. "साहेब तर काईच नाई बोलला, मालक. मंग तुमी काहून पुसलं?"

हुकूम सुटायच्या आधीच पाळणारा शिपाई म्हणून फौजेत माझी वाहवा होई. आणि दर अंकात मिरवतो काय, तर 'गोळीला न भ्यालेला संपादक'. गोळीला नाहीच भ्यालो. पण बुटाला?

पाटलांनी पागोटं उचललं. "वेठीच्या बैलाले बी आधी जुपा लागते," म्हणाले, आणि रामराम न करताच पायऱ्या उतरले.

मी खाली पाहिलं. टाचा पुन्हा जुळलेल्या.