ट्रॉली पुढे, मी मागून

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मागच्या वेळी तर मध्येच ठेवून दिलास. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीचं अक्षर आहे, जमेल तसं लावून घे.

आधी तुझ्या सासूबद्दल बोलते, म्हणजे माझं डोकं जरा थंड होईल. तू पाठवतेस त्या प्रत्येक फोटोत त्या बाई असतात. बाळ दूध पितंय, मांडी त्यांची. बाळ झोपलंय, खांदा त्यांचा. परवा बाळ भिंतीला धरून उभं राहिलं, तिथेही कोपऱ्यात त्यांचं ढोपर आहेच. मी तो फोटो ढोपरावर अंगठा ठेवून बघते. तुझी आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन कामाला कोण गेलं, चादरींच्या ढिगावर कोणी निजवलं, तुझ्या शाळेच्या बाईंशी भांडायला कोण आलं? आणि आता तुझं बाळ मी पाहिलंय ते फक्त जन्मलं त्या दिवशी, तेही आमच्याच हॉस्पिटलात जन्मलं म्हणून. त्यानंतर सगळा मान विहीणबाईंचा. त्यांचं हसणंसुद्धा मला आवडत नाही. दात फार आहेत त्यांना.

तुला वाटतं, मला तुमचं घर आवडलं नाही. मी तरी काय काय कारणं दिली! उंचावरची हवा मानवत नाही म्हटलं, गुडघा म्हटलं, रंगाच्या वासाने डोकं चढतं म्हटलं, आणि रंग तर तुम्ही वर्षापूर्वी दिलेला. मागच्या फोनवर तू म्हणालीस, “तुला माझ्या घरी यायचंच नाही, असं सरळ सांग ना.” मी गप्प बसले. मी गप्प बसते हे तुला नवीन, म्हणून तू फोन ठेवलास.

आता सरळ सांगते. मला लिफ्टची भीती वाटते.

हस खुशाल. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात लागले त्याच आठवड्यात, चादरींची ट्रॉली घेऊन वर निघाले आणि लाइट गेली. काळोखात मी आणि ती ट्रॉली. ओरडून घसा बसला. दार उघडलं तेव्हा बाहेरची माणसं हसत होती, आणि मी त्यांना म्हटलं, बरं झालं, जरा डुलकी काढली. त्या दिवसापासून माझी एक रीत ठरली. ट्रॉली लिफ्टमध्ये ढकलायची, बटण दाबून हात बाहेर काढायचा आणि जिन्याने पळायचं. ट्रॉली पुढे, मी मागून. तुला आठवत असेल, लहानपणी तू माझ्याबरोबर पळायचीस आणि त्याला शर्यत म्हणायचीस. ती शर्यत नव्हती गं. मोठे डॉक्टर मात्र नर्स पोरींना माझा दाखला द्यायचे, या वयात मावशी कशा जिने चढतात बघा. मीही मान ताठ करून ऐकून घ्यायचे. कुणाला कधी कळलं नाही. मग तुम्ही घर घेतलंत, तेही अकराव्या मजल्यावर. तळमजल्यावर काय साप होते?

मी एकदा येऊन गेले आहे तुमच्याकडे. हे तुला ठाऊक नाही. बाळाला पिवळी टोपी विणली होती, कान झाकणारी. पिशवीत घालून ती तुमच्या लिफ्टमध्ये ठेवली, अकराचं बटण दाबलं आणि जिना धरला. जन्माची सवय. पण गुडघे आता तेव्हाचे राहिले नाहीत. सहाव्या मजल्यावर जी बसले ती बसलेच. वर धापा टाकत पोचले असते, तर जिन्याने का आलीस हाच पहिला प्रश्न आला असता. उतरले, घरी गेले. दोन दिवसांनी तुझा फोटो आला. पिवळी टोपी घातलेलं बाळ विहीणबाईंच्या मांडीवर. फोनवर तू म्हणालीस, आई कुठून तरी घेऊन आल्यात, किती गोड आहे ना. त्यांना बिचारीला ती लिफ्टमध्ये सापडली असणार, आणि त्यांनी ‘आणली’ म्हटल्यावर तुला ती विकत आणली असं वाटलं असणार. मी म्हटलं, लोकर जरा टोचरी दिसते.

त्यानंतर मी नीट जेवलेसुद्धा नाही. तुझ्या सासूच्या नावाने घरात इतकी बडबडले की शेजारीण विचारायला आली, कोण आलंय.

आणि मग गेल्या महिन्यात विहीणबाई आमच्या हॉस्पिटलात आल्या, डोळे दाखवायला. मी तिसऱ्या मजल्यावर ट्रॉलीची वाट बघत होते. शेजारची पेशंटांची लिफ्ट थांबली, दार उघडलं, आत त्या. दोन्ही हातांनी मागची दांडी धरलेली, डोळे गच्च मिटलेले, ओठ पुटपुटतायत, कपाळ घामाने चमकतंय. त्यांनी मला पाहिलं नाही. दार लागलं, लिफ्ट वर गेली.

ठकू, त्यांनाही भीती वाटते. माझ्याइतकीच. आणि तूच सांगतेस, त्या रोज दोनदा अकराव्या मजल्यावर जातात, भाजीची पिशवी घेऊन. टोपीपायी मी जळले ते काहीच नव्हे. मांडीचा हेवा केला, खांद्याचा केला. पण त्या दिवशी जळले तशी आयुष्यात कुणावर जळले नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीबरोबर आत शिरले आणि दार लागायच्या आत बाहेर उडी मारली. ट्रॉली एकटीच गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरींत तोंड खुपसून एक मजला गेले. मला एक युक्ती सापडली. छाती धडधडायला लागली की मी ती पिवळी टोपी आठवते. असा काही राग येतो की भीतीला बसायला जागाच उरत नाही. तुझ्या सासूला शिव्या घालत मी आता गच्चीपर्यंत जाते आणि खालीही लिफ्टनेच येते. अजून दरदरून घाम फुटतो. फुटू दे.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की या रविवारी दुपारी मी येते आहे. तुमची लिफ्ट लहान आहे आणि तिच्यात चादरी नाहीत, म्हणून एक काम कर. मला घ्यायला तू खाली येऊ नकोस, विहीणबाईंना पाठव. मी त्यांना लिफ्टमध्ये कसं पाहिलं ते त्यांना कळू देऊ नकोस, आणि माझ्या भीतीचंही त्यांना आधीच सांगून ठेवू नकोस. आम्ही दोघी मिळून वर येऊ. दार उघडल्यावर कोणी कोणाचा हात धरलाय ते बघायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. बाळ मात्र आधी माझ्याकडे द्यायचं. टोपी घालून.

तुझीच,
जिन्याने दमलेली आजी