खिशातले मनुके

४ फेब्रुवारी

—आणि फ्रॉकच्या खिशातून पुन्हा मनुके निघाले! अकरा. चिकट, लोकरीच्या तुसासकट. एका हातात फ्रॉक, दुसऱ्यात मनुके, मशीनचं दार उघडं. लेक शेजारी पालथी, गाल फरशीला टेकवून. मशीन कधी फिरतंय याची वाट बघत.

म्हणजे बक्षीस ती खातच नाही. उपचार केंद्रातल्या टेबलवाल्या बाईंना सांगायला हवं.

६ फेब्रुवारी

केंद्राचा नवा फॉर्म. ‘घरी काय म्हणता?’ मुंगी. का, ते लिहायला जागा नव्हती. भिंतीच्या कडेकडेनं चालते म्हणून. वय साडेपाच. निदान: स्वमग्नता. बोलते का? नाही.

‘मुलीसाठी उद्दिष्ट’ या रकान्यात लिहिलं: नजरेला नजर, वीसपैकी वीस.

मार्चपासून दोनपैकी एकच तास मिळणार. मंगळवारचा टेबलाचा, नाहीतर गुरुवारचा चटईचा. कोणता ते महिनाअखेर कळवायचं. वेळ जाऊ देऊ नका, असं दोन्ही तासांच्या बाई सांगतात. वेळेबद्दल तेवढं एकमत.

९ फेब्रुवारी

मंगळवार. मी काचेपलीकडे. टेबलवाल्या बाई समोर बसतात. “इकडे बघ.” मुंगीनं दोन सेकंद बघितलं की लगेच मनुका. तक्त्यावर खूण. नाही बघितलं तर काही नाही. ओरडणं नाही, रागावणं नाही. बाई चांगल्या आहेत. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती खाली वाकून बांधली.

वीसपैकी नऊ.

खिशातल्या मनुक्यांचं सांगितलं. “आवडत नसतील. बक्षीस बदलून बघू,” म्हणाल्या. बिस्किटाचा तुकडा दिला, तर मुंगीनं तो टेबलाच्या काठावर नीट ठेवला आणि मनुक्यांच्या वाटीकडे बोट केलं. बाई हसल्या. “आवडत तर आहेत!”

मग खात का नाही?

११ फेब्रुवारी

गुरुवार. चटईवाल्या बाई तासभर तिच्याशेजारी पडून होत्या. मुंगीनं लाकडी चकती फिरवली, बाईंनी चकती फिरवली. मुंगी थांबली, बाई थांबल्या. तक्ता नाही, खुणा नाहीत.

“यात उपचार कुठला?” मी विचारलं. फटकन तोंडातून गेलं.

“ती करते ते घरी एकदा करून बघा. मग भांडा माझ्याशी.”

मी प्रुफं तपासते. दिवसभर समासात खुणा करते. ज्यात खूण नाही ते काम झालं, हे मला पटत नाही.

१५ फेब्रुवारी

घरी सराव. सतरा! हा (नवरा) चपला न काढताच आत आला, तक्ता बघून नाचला, लगेच बहिणीला फोन. “सतरा गं! वीसपैकी!”

आई (सासूबाई) भाजी निवडत होत्या. “मी तुझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत चाळीस वर्षं कधी धड बघितलं नाही. झालाच की संसार!”

“आई, तुमचं वेगळं.”

“हो, मला कुणी मनुका दिला नाही.”

१६ फेब्रुवारी

खिशात तेरा.

१९ फेब्रुवारी

आज वाटी कपाटात ठेवून बसले. “इकडे बघ.” शून्य. “मुंगी, इकडे.” शून्य. वीस वेळा शून्य. वाटी काढली. बघितलं. दोन सेकंद, माझ्या भुवयांच्या मधोमध, जिथून मनुका येतो त्याच्या जरा वर.

याला सांगितलं. तो म्हणाला, “सुरुवात अशीच असते. धीर धर.” बरोबर असेल. पण मला सतरा नको आहेत. तिनं एकदा मला बोलवावं. कसंही. हाताला धरून, कपडा ओढून. मी तिची आई आहे हे तिला कळतं का, एवढंच. हे तक्त्यात कुठे लिहायचं?

२३ फेब्रुवारी

अठरा. ठरलं, टेबल. गुरुवारी संध्याकाळी फॉर्म देऊन टाकते.

२४ फेब्रुवारी

नीट लिहिते. घाईत काही सुटायला नको.

मशीन चालू होतं. मुंगी समोर पालथी. माझा मोजा तिच्या पायाशी पडला होता. उचलायला वाकले. तिनं खिशातून मनुका काढला आणि माझ्या ओठांवर दाबला.

मला वाटलं, चुकून. उठले. काही नाही. पुन्हा वाकले. मनुका.

गुडघ्यावर बसले. मनुका नाही. तिनं फरशीवर हात आपटला, दोनदा. मी आडवी झाले, पालथी, गाल फरशीला. थंडगार. मशीनची घरघर दातांत उतरते, हे मला माहीतच नव्हतं. मनुका! माझं तोंड वळलं तिच्याकडे, तर नाही. काचेतून फिरणाऱ्या कपड्यांकडे बघितलं, की मनुका.

ती मला शिकवत होती. टेबलवाल्या बाईंच्याच पद्धतीनं. बरोबर केलं की लगेच. चुकलं तर काही नाही. ओरडणं नाही, रागावणं नाही.

आणि त्यासाठी किती दिवस साठवत होती? मी दर धुण्याला तिचा खिसा रिकामा करत आले. कचऱ्यात टाकत आले.

हा आला. “हे काय चाललंय?” सांगितलं. तो स्टुलावर बसून बघायला लागला. काही नाही. मग शर्टासकट आडवा झाला. त्यालाही एक! बराच वेळ तसाच पडून राहिला.

आई दारातून म्हणाल्या, “माझे गुडघे नाहीत त्यातले. माझा मनुका इथेच पाठवा.”

कपडे पिळून मशीन थांबलं. मुंगी उठली, भिंतीच्या कडेनं निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. मी मोजले: मला सात, याला एक.

२५ फेब्रुवारी

सकाळी ‘उद्दिष्ट’ खोडलं. खाली लिहिलं: आईनं रोज वीस मिनिटं जमिनीवर. ‘गुरुवार’पुढे खूण केली.

धुवायला काही नव्हतं. कालचेच धुतलेले कपडे पुन्हा मशीनमध्ये टाकले आणि तिच्याशेजारी आडवी झाले. तीन मनुके.