तुमच्या भावाने केलेली चिक्की

गोडादरा, सुरत
संक्रांतीनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप धुरपदाजिजी यांना,
तुमच्या धाकट्या भावजयीचा, मंदाचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे थंडीत पुन्हा आखडले असतील, तर करंजाचं तेल कोमट करून लावा आणि सकाळी उन्हात बसा. तुमच्याकडे भाऊसाहेबांचा खोकला कसा आहे? म्हैस व्याली का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत. पोळपाट गेला, ओट्याची एक फरशी गेली, आणि कढई अजून भिजत पडली आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन आला की तुमचे भाऊ तो स्पीकरवर लावतात आणि अख्ख्या गल्लीला तुमच्या गुडघ्यांची खबर लागते. म्हणून पत्र.

तुम्हाला माहीत आहेच, दिवाळीनंतर त्यांच्या कापडाच्या कारखान्यातले जुने लूम भंगारात निघाले. नवी यंत्रं आली, ती चालवायला नवी पोरं आली, आणि आमचे हे घरी आले. लूमवर जन्म घालवलेला माणूस घरात बसला की काय होतं ते तुम्हाला काय सांगू! सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. मग माझ्या भाकरी गोल का होत नाहीत याचा तपास झाला. (गोलच होतात. त्यांना चष्मा लागलाय.) रात्री जेवताना मात्र मुकाट खाली बघत बसायचे. मी काही विचारलं तर उत्तर नाही. मला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या मालतीबाई आल्या. संक्रांतीला त्यांच्याकडे महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, आणि त्यांच्या सुनेचं म्हणणं, की बाजारची चिक्की नको, घरी हाताने केलेली हवी, आणि सगळं सामान इथलंच हवं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "आमच्या जिजीसारखी चिक्की अख्ख्या खानदेशात कुणी करत नाही. मी लहानपणी तिच्याजवळच बसायचो." जिजी, जवळ बसायचे ते खायला, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. मालतीबाईंना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे पिशवी घेऊन निघाले. मांडवीकडची एक बाई आमच्या बाजारात शेंगा घेऊन बसते, तिच्याकडून शेंगा आल्या. गुळासाठी थेट कामरेजकडच्या कोल्हूवर, म्हणजे आपल्या गुऱ्हाळावर, गेले. ताजा, केशरी, लोण्यासारखा गूळ आणला. दाणे मी भाजते म्हटलं तर ऐकेनात. भाजले, चोळले, इथवर बरं झालं. मग फोलपटं उडवायला सूप मागायचं सोडून या माणसाने परात पंख्याखाली ठेवली आणि पंखा पाचवर लावला. देवाच्या फोटोपासून गादीपर्यंत सगळीकडे फोलपटं! अजून माझ्या अंबाड्यातून निघतात. वर मलाच म्हणतात, "हवेने काम होत असताना हात कशाला झिजवायचे?"

पहिली चिक्की जमली नाही, कारण तो गूळ खायचा होता, चिक्कीचा नव्हता. दुपारी ताटात थापलेली ती संध्याकाळपर्यंत तशीच लोळत पडली. उचलली की तार निघायची, आणि ती तार पकडून हे खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. लूमवरची सवय, दुसरं काय! मी फेकून देणार होते, पण यांनी ती "मऊ चिक्की" म्हणून मालतीबाईंच्या सासूबाईंना नेऊन दिली. म्हातारीच्या तोंडात एकही दात नाही. तिने वाटी चाटूनपुसून परत पाठवली आणि आणखी मागितली. झालं! आता ऐकणार कोण?

मी हळूच सांगितलं की चिक्कीचा गूळ वेगळा असतो, कडक असतो. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. तरी नाही. मग मी किंचाळले, तेव्हा म्हणाले, "वरडस काब्र? मी बहिरा शे का?" पण दुसऱ्या दिवशी जाऊन कडक गूळ घेऊन आले.

दुसऱ्या वेळी मी मागे उभी होते. पाक उकळायला लागला. तुमची रीत यांना पाठ होती, ते खरं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, गोळी झाली की काढून ताटलीवर आपटायची, टण्ण वाजली की पाक झाला. थेंब टाकला, गोळी काढली, आपटली. टण्ण! मी स्पष्ट ऐकलं. हे आपले थांबलेलेच. पुन्हा गोळी, पुन्हा टण्ण. हे ताटलीवर वाकले, कान जवळ नेला आणि मान हलवून म्हणाले, "आजून नही व्हयनं." मी म्हटलं, अहो झालं, उतरवा. ऐकलंच नाही. मला वाटलं हट्ट करतायत. पाक काळा झाला, धूर झाला, मग घाईने दाणे ओतून पोळपाटावर लाटला, आणि जिजी, तो पोळपाटाचाच झाला. सुरीने निघेना, उलथन्याने निघेना. तेव्हा यांनी लूमचा जुना पाना आणि हातोडी काढली. पहिल्या घावाला पोळपाट दुभंगला, दुसऱ्याला ओट्याची फरशी तडकली, आणि तिचा एक तुकडा खिडकीतून जो गेला तो मालतीबाईंच्या तुळशीत. चिक्की मात्र अखंड.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण हे खाली बसले, हातात हातोडी, आणि ताटलीवर ती गोळी पुन्हा पुन्हा आपटून बघत होते. मला टण्ण टण्ण ऐकू येत होतं. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. जन्मभर शंभर लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, त्याला एवढीशी गोळी कुठून ऐकू यायची? आणि जेवताना माझं बोलणं तरी कुठून? मी पाठ फिरवून कढई घासायला घेतली. धूर फार झाला होता, डोळ्यांत पाणी आलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कढईत तिसरी चिक्की केली. या वेळी मी मागे नाही, समोर उभी राहिले. पहिली गोळी आपटली, यांनी माझ्याकडे बघितलं, मी गप्प. दुसरी, गप्प. तिसरी टण्ण वाजली आणि मी मान डोलावली. हे लगेच म्हणाले, "ऐकलं मी!" आणि कढई उतरवली. जिजी, काय चिक्की झाली! पातळ, सोनेरी, दाताखाली कुर्रकन मोडणारी. हळदीकुंकवाला ताट बघता बघता रिकामं झालं, आणि मालतीबाईंनी रथसप्तमीसाठी पुन्हा सांगितलं. तुमचे भाऊ दारात उभे राहून सगळ्या बायकांना समजावत होते, "चिक्की कानाने करायची असते. ज्याचा कान तयार, त्याचीच चिक्की." मी हळदीकुंकू लावत होते, मला हसायचीही सोय नव्हती.

सोबत डबा पाठवला आहे. भाऊसाहेबांना बेताने द्या. पोरांना गोड पापे.

तुमची,
मंदा

ता. क. खरं काम असं, की त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. मी सांगितलं तर "मी बहिरा नही" एवढंच ऐकायला मिळेल. तुम्ही मोठ्या बहीण, तुमचा शब्द मोडणार नाहीत. बहिरा म्हणू नका. कारागिराने हत्यार वर्षातून एकदा तपासून घ्यावं, असं काहीतरी म्हणा. आणि मोठ्याने म्हणा.

ता. क. दुसरा. जिजी, तशी घाई नाही. रथसप्तमी होऊ द्या. कान साफ झाले तर पाक झाला की नाही ते त्यांचं त्यांना कळेल, आणि कढईसमोर उभं राहून आता माझ्याकडे बघतात, तसं टक लावून ते लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा बघत नव्हते. होळीनंतर सांगितलंत तरी चालेल.