झील कुणी धरली नाही

आबा, तुम्ही गेलात त्या वर्षी मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, त्यात एक गोष्ट चुकीची लिहिली. जत्रेत तुम्ही गायला उभे राहिलात आणि ओवी विसरलात, असं मी लिहिलं होतं. तुम्ही विसरला नव्हता. ते पत्र कुणी वाचलेलं नाही, तुम्हीही नाही, तरी चुकीचं लिहिलेलं तसंच राहू द्यायचं म्हटलं की मला चैन पडत नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दाराला कडी लावली तरी जिन्यावरून परत वर जाऊन बघणारी मी. पण या एका गोष्टीकडं मी कधी मागं वळून बघितलं नाही. गाव तुम्हाला 'ओवी इसरल्याला' म्हणत राहिलं, तुमच्या मातीच्या दिवशीसुद्धा मागं कुणीतरी हळूच तसं म्हणालं, आणि मलाही ते खरंच वाटत होतं.

खरं काय ते मला परवाच्या शनिवारी कळलं, इथं धाराशिवमध्ये, एका अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याच्या बोलीवर जागा घेऊन वाचत बसतात ती खोली. स्टेशनरीच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून जावं लागतं. तिथली काही पोरं गाणी करतात. दुसऱ्याची नाही, स्वतःची. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी टेबलं भिंतीला लावतात, सतरंजी टाकतात आणि एकेकजण आपलं गाणं म्हणतो. माझ्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी मैत्रीण मला ओढून घेऊन गेली. मी नको म्हणत होते. गाणं ऐकायला म्हणून मी कुठं गेले नाही, तुमच्यानंतर. ती म्हणाली, "अगं, दिवसभर म्हशींचं हंबरणं ऐकतीस, एक दिवस माणसांचं ऐक." भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा' लिहिलं होतं आणि त्याच पाटीखाली एक मुलगा गिटारीच्या तारा पिळत बसला होता. मी दाराजवळची जागा धरली. जिना उतरून निघता यावं म्हणून.

पहिला मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा. धावण्यात दोनदा मागं पडला होता, त्याचंच गाणं केलं होतं. त्यात त्याचे बूट त्याला म्हणतात, तू थांब, आम्ही पुढं जाऊन येतो. सगळे हसले, तोही हसला, पण शेवटच्या कडव्यात त्याच्या बापानं बूट जपून ठेवलेत ते आलं आणि हसणं थांबलं. मग एक मुलगी उठली. तुळजापूरकडची असावी, बोलण्यावरून. तिची आई लोकांचे लग्नाचे कपडे शिवते, त्याचं गाणं. "आई शिवते दुसऱ्यांच्या, लेकींचं सासर गं," अशी तिची ओळ होती. चाल आपल्या ओवीच्या जवळची. मी चप्पल पायानं चाचपून बघितली.

आबा, मला पहिलं जे काही शिकवलंत ते तुम्हीच. शाळेत नाव घालायच्या आधी, मेंढरांच्या तळावर. मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर लावायचा लाल रंग तुम्ही काडीनं सपाट दगडावर ओढायचात आणि म्हणायचात, "हा अ बघ. ह्याला पाठ हाय, पोट हाय, आन एक काठी हाय टेकायला." मला अजूनही अ काढताना काठी शेवटी द्यायची सवय आहे. आणि तसंच झील धरायला शिकवलंत. म्होरं गाणारा ओवीची ओळ टाकतो, तिचं शेपूट मागच्यांनी उचलायचं आणि लांबवत न्यायचं, तोवर म्होरच्याला श्वास घेता येतो, पुढची ओळ जुळवता येते. तुम्ही जन्मभर मागचेच. म्होरं गाणारे तुमचे थोरले भाऊ, आमचे तात्या. मी मेंढरांमागं चालताना तुम्ही ओळ टाकायचात आणि मी शेपूट धरायची. एकदा तुम्ही मुद्दाम अडलात आणि मी घाईनं पुढची ओळ सांगून टाकली. तुम्ही रागावलात. माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढंच आठवतं. "म्होरच्याला शब्द द्यायचा न्हाय, बाई. त्यो त्याचा त्याला घावतो. आपुन सूर सोडायचा न्हाय, एवढंच आपलं काम."

जत्रेच्या त्या वर्षी तुम्ही स्वतःची ओवी करत होतात. माकणीच्या धरणाच्या काठाला तळ पडला असताना माझा धाकटा भाऊ तापानं गेला, त्याच्या पुढच्या वर्षी. त्याला तिथंच कडेला मातीत ठेवून आपण पुढं निघालो, कारण मेंढरं थांबत नाहीत. पुन्हा त्या वाटेनं गेलो तेव्हा पाणी वर चढलं होतं आणि ती जागा ओळखू येईना. तुम्ही पाण्याकडं बघत बराच वेळ बसलात. मग लोकर कातरता कातरता ती ओवी होत गेली. झील धरायला मीच होते. "धरणाच्या कडंला, निजलं माझं लेकरू हो." मी म्हणायची, "लेकरू हो." कात्रीचा आवाज थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

अभ्यासिकेतली ती मुलगी दुसऱ्या कडव्यात अडली. "लेकींचं सासर गं" म्हणाली आणि पुढचं तिला सापडेना. तिनं डोळे वर छताकडं नेले, मग मिटले, ओठ हलले, बोटं ओढणीच्या टोकाशी गेली. गिटारवाला तोच तुकडा फिरवत राहिला. कुणीतरी मोबाईल खाली ठेवला. आणि आबा, मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडातून शेपूट निघालं. "सासर गं, सासर गं," असा लांब सूर, दाराजवळून. सगळ्या माना वळल्या. तिथं ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं असतं, हे मला ठाऊक होतं. समोर पाटीसुद्धा होती. पण मध्येच सोडलं तर ती पोर पडेल, म्हणून मी सूर सोडला नाही. शब्दही दिला नाही, मला तो माहीतच नव्हता. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि तिची ओळ आली. "माझ्या झग्याला उरलं, काठाचं कापड सारं गं." त्यानंतर प्रत्येक ओळीला ती माझ्याकडं बघून थांबायची.

संपल्यावर मी लाजेनं उठलेच होते. अभ्यासिका चालवणारा दादा वाट अडवून म्हणाला, "ताई, तुमी गाता व्हय?"

"न्हाय, मी नुसती मागं धरते."

"मागं म्हंजे?"

माझी मैत्रीण मध्येच म्हणाली, "हिला कळपाच्या मागं चालायची सवय हाय. म्होरं सोडलं तर रस्ता चुकंल."

सगळे हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी ओळ इसरले तवा वरी बघत व्हते. तुमचा आवाज आला तवा कुठं मला खाली माणसं दिसली." तो दादा म्हणाला, पुढच्या वेळी तुमची एक ओवी ठेवू.

ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जाईना. विसरलेलं माणूस वर बघतं, नाहीतर डोळे मिटतं. आतमध्ये शोधतं. खोलीवर आले, कडी लावली, पुन्हा बघितली, आणि जत्रेतले तुम्ही समोर उभे राहिलात. तात्यांचा घसा बसला होता म्हणून त्या वर्षी पहिल्यांदा तुम्ही म्होरं. पटका नवा. देवाची दोन कडवी झाली, ढोल घुमत होते, आणि मग तुम्ही ती ओळ टाकलीत. "धरणाच्या कडंला, निजलं माझं लेकरू हो." आणि थांबलात. तुम्ही वर बघत नव्हता, आबा. डोळे मिटले नव्हते. कानावर हात ठेवून तुम्ही उजवीकडं, झीलकऱ्यांकडं बघत होता. वाट बघत होता. मी बायकांच्या बाजूला बसले होते, नऊ वर्षांची, आणि आईचा हात माझ्या तोंडावर होता. तो हात इतकी वर्षं मला आठवत होता, पण मी रडेन म्हणून तिनं तो ठेवला असेल, असंच मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी आईला फोन केला. आधी ती शेळीचं बोलली, मग माझ्या जेवणाचं. मी म्हणाले, "आई, जत्रंत आबा विसरले होते का गं?"

तिनं शेळीला हाकललं. मग म्हणाली, "आज हे काय काढलंस?"

"सांग ना."

"इसरत्यात व्हय! दिसरात त्येच चाललं व्हतं घरात. कुणी झील धरली न्हाय. तात्यांनी मान खाली घातली, आन ते धरंनात म्हनून दुसरं कुणी धरंना. देवाच्या म्होरं देवाचंच गावं, घरचं मढं आनू न्हाय, असं तात्यांचं. मोप येळ हुबं ऱ्हायले तुझे आबा. मग खाली बसले."

"आणि माझ्या तोंडावर हात?"

"तू धरणार व्हतीस. तोंड उघडलंच व्हतंस. बायकांच्या बाजूनं झील आली असती, तर त्येंच्यावर आनखी हासले असते लोक." मग ती म्हणाली, "त्यो हात अजून मला नीट वाटत न्हाय बघ."

मी विचारलं, मग आबा गावाला का नाही बोलले. ती म्हणाली, तुम्हीच तिला बोलू दिलं नाहीत. "म्हनले, मी इसरलो म्हनू दे. झील धरली न्हाय म्हनलं, तर उद्या थोरल्याचं न् माझं फाटंल, मेंढरं वाटली जातील. एका ओवीपायी कळप फोडू का?" आणि कळप तुम्ही जाईपर्यंत एकत्र राहिला, हे खरं आहे. तुम्ही तात्यांच्या मागं पुन्हा झील धरलीत, दर वर्षी, तेही मी बघितलं आहे. तुमचा सूर सगळ्यांत शेवटी थांबायचा.

त्या दिवसापासून मला तात्यांचा राग यायला पाहिजे, आणि येतो. पण गावाकडं, जळकोटला, मागच्या खेपेला बघितलेले तात्याही आठवतात. आता ते गात नाहीत. श्वास पुरत नाही. दर रविवारी देवाला वाहायला दूध घेऊन देवळात जातात आणि कट्ट्यावर बसून राहतात. मला बघून म्हणाले होते, "तुझ्या बापावानी झील पुन्हा कुणी धरली न्हाय गं. मी नुसता वरडत ऱ्हायलो." तेव्हा मला वाटलं, म्हातारं माणूस गेलेल्याचं चांगलं बोलतं. आता वाटतं, त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि मी एसटीची वेळ बघत होते.

अभ्यासिकेत ती ओवी म्हणायला मी तयार आहे, पण झील धरायला कुणीतरी लागेल. ती मुलगी धरेल, सूर चांगला आहे तिचा. तरीही मला आधी ती देवळात म्हणायची आहे, जत्रेत तुम्ही उभे होता त्याच जागी, आणि झील तात्यांनी धरायला हवी. गावासमोर हिशेब मागायला मी जाणार नाही. तुम्ही जे झाकलंत ते मी चव्हाट्यावर आणणार नाही. फक्त कट्ट्यावर त्यांच्याजवळ बसेन, पहिली ओळ टाकेन, आणि थांबेन. ते मान खाली घालतील, किंवा धरतील. मान खाली घातली तर मी काय करेन, ते अजून मला माहीत नाही. कदाचित तुमच्यासारखी वाट बघत राहीन. पण मी त्यांना शब्द देणार नाही, आणि या वेळी माझ्या तोंडावर कुणाचा हात असणार नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर हेही पत्र चुकीचं होईल. तुमच्या ओवीच्या चार ओळींतली तिसरी मला आठवत नाही. पहिली आठवते, "उशाला बसलं त्याच्या, दुधावरलं कोकरू हो" ही दुसरी आठवते, "मेंढरं म्होरं गेली देवा, मागं कोण राहिलं हो" ही शेवटची. मधली मी खूप शोधली, वर बघून, डोळे मिटून. आईलाही येत नाही. म्हणून तिसरी मी घातली आहे, "पाणी चढलं जागंवर, सूर नाही बुडाला हो." ती तुमची नाही, माझी आहे. तुम्हाला आवडली असती का, कळायला मार्ग नाही. तात्यांनी विचारलं तर त्यांना खरं सांगेन. तुळजापूरला गाडी बदलून जळकोटला जायचं, दुधाच्या वेळेला पोचायचं. येत्या रविवारी, अठरा तारखेला.