मॅडमला हातात घेण्याआधी

३ मार्च, मंगळवार
ठरलं. मॅडमला हातात घ्यायचं. रविवारपर्यंत. फिक्स.

मॅडम म्हणजे दादाची टॅरंट्युला. केसाळ, तळहात भरेल एवढी कोळीण, गुडघ्यांवर केशरी पट्टे. दादा गेल्यापासून तिचं सगळं माझ्याकडे आहे. गेला म्हणजे वारला, तापाने. पण सगळे नुसतं गेला-गेला म्हणतात, त्यामुळे मला मधूनच वाटतं की कुठेतरी गेलाय आणि किल्ली घरीच विसरलाय.

आईला मॅडम नकोय. पाळीव प्राण्यांच्या दुकानवाल्याशी बोलली पण. महिनाअखेर तो येऊन घेऊन जाणार. मी म्हटलं, मी आहे ना सांभाळायला. ती म्हणाली, तू? तू तर चिमट्याने पाणी ठेवतोस आणि पळतोस. दादा तिला हातावर घेऊन गप्पा मारायचा. तू घेऊन दाखव हातावर, माझ्यासमोर, मग राहू दे घरात. नाही जमलं तर विषय बंद.

जमेल. मला भीती वाटत नाही. सवय नाही फक्त.

४ मार्च
पद्धत मला माहीत आहे. दादाने शंभरदा सांगितलीय. पलंगावर बसायचं, उभ्याने नाही, कारण ती उंचावरून पडली तर तिचं पोट फुटतं. आधी मऊ ब्रशने मागच्या पायाला हळूच टच करायचं. पुढे चालायला लागली तर मूड चांगला. पुढचे पाय वर करून उभी राहिली तर दात दाखवतेय, त्या दिवशी राहू द्यायचं. वरून झडप घालायची नाही कधीच. चावली तरी गांधीलमाशीएवढंच, असं दादा म्हणायचा. त्याला कधी चावली नव्हती, मग त्याला कसं माहीत, हे विचारायचं राहिलं.

ब्रश सापडला नाही. म्हणून आज नाही.

५ मार्च
ब्रश सापडला. पण खूप उकडत होतं. तिलाही उकडत असणार.

७ मार्च, शनिवार
मी काचेच्या दुकानात आहे, दादाच्याच जागेवर. शाळा सोडलेली नाही, गॅप घेतलाय. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे, ते मला पटायचं नाही.

मालक मला दादाच्या नावाने हाक मारतात. पहिल्या दिवशी सांगणार होतो की तो मी नाही. आता उशीर झाला. मी ओ देतो. कधीकधी ओ देताना आवाजपण त्याच्यासारखा निघतो, तेव्हा मालक मान वर करून बघतात आणि मग पटकन खाली घालतात.

चहाच्या वेळी फोरमनकाकांनी विचारलं, काय रे, घेतली का हातात? मी हो म्हणालो. ते म्हणाले, शाब्बास, पाय कसे लागतात रे तिचे? मी म्हणालो, मऊ. ते म्हणाले, तुझा भाऊ तर म्हणायचा टोकाला हूक असतात, कपड्यात अडकतात. मी म्हणालो, माझ्याकडे मऊ असतात.

मग माझ्याकडून एक मोठी काच वाकडी तुटली. रेघ मारताना हात थांबला. काच कापायच्या कटरचं चाक खराब होतं.

८ मार्च, रविवार
सर्दी झाल्यासारखं वाटलं. रिस्क नको.

१० मार्च
मॅडम जेवत नाही. आधीचे रातकिडे मेले म्हणून दुकानात गेलो होतो, त्याच दुकानात, जिथला माणूस तिला न्यायला येणार आहे. तिथे खूप गर्दी होती (एक बाई). दुकानवाल्याने विचारलं, काय पाहिजे? मी म्हणालो, हे, आणि समोर होतं ते उचललं. माशांचं खाणं निघालं. मॅडमला दोन दाणे टाकले. तिने ढुंकून पाहिलं नाही.

परत गेलो. चिठ्ठी लिहून नेली. रातकिडे आणले. तिने तेही नाही खाल्ले. रातकिडा तिच्या पायावरून चालत गेला तरी ती हलली नाही. आठवत नाही असं कधी झाल्याचं.

आईला सांगितलं. आई काजा-बटणांचं काम घरी आणते, मांडीवर शर्टांचा ढीग असतो. सुई थांबली तिची. म्हणाली, कधीपासून जेवली नाही? मी म्हटलं, बरेच दिवस. तिने शर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाली, तिला कळलं असेल.

माझ्या मते तसं काही नसतं. डाएट असेल.

१२ मार्च
मी स्वयंपाकघरात झोपतो हल्ली. तिथे हवा चांगली येते. दादाच्या खोलीत नाही येत, असं नाही, पण तिथे मॅडमची काचेची टाकी आहे, तिच्या काचेवर ती चढते तेव्हा टक्, टक् असा आवाज होतो. दादा विचार करताना टेबलावर बोटं वाजवायचा, सेम तसा. मला माहीत आहे की ती मॅडम आहे. फक्त आज संध्याकाळी आवाज आला तेव्हा मी जाऊन बघितलं, तर मॅडम कोपऱ्यातल्या मडक्याच्या तुकड्याखाली होती. हलत नव्हती.

बहुतेक परत पटकन जाऊन बसली असेल. ती फास्ट आहे.

आईला विचारलं, तुलापण ऐकू आला का. ती म्हणाली, रोज ऐकते. आणि दोरा दाताने तोडला.

१५ मार्च, रविवार, सकाळी
टाकीत दोन मॅडम आहेत.

१५ मार्च, जरा वेळाने
मी किंचाळलो नव्हतो. आईला वाटलं तसं.

एक मडक्याच्या तुकड्याखाली, एक बाहेर. बाहेरची आडवी पडलेली, पाय पसरून, जशीच्या तशी. मी दारातूनच बघितलं. पहिला विचार आला तो लिहीत नाही.

दुपारी आठवलं. कात. दादाने सांगितलं होतं, कात टाकायच्या आधी ती जेवणखाण सोडते, मग उलटी पडून सगळं जुनं अंग उतरवते. दातांसकट. नवे दात आधी पांढरे आणि मऊ असतात, आठवडाभर तिला हात लावायचा नाही. म्हणजे ती उपाशी होती ती यासाठी. दादासाठी नाही.

हे आईला सांगणार होतो. नाही सांगितलं. जेवायला बसली होती, आणि कधी नव्हे ते नीट जेवत होती.

कात चिमट्याने बाहेर काढली. आतून पोकळ. बाहेरून एकेक केस जागेवर. फुंकर मारली तर सरकते.

एक आयडिया आली आहे.

१६ मार्च
आयडिया खोटेपणाची नाही. नीट विचार केला. कात कोणाची? मॅडमची. म्हणजे ती मॅडमच झाली. आई म्हणाली होती मॅडमला हातावर घे. फक्त आत कोणी असलं पाहिजे असं ती म्हणाली नव्हती.

१७ मार्च, संध्याकाळी
झालं. पण वेगळंच झालं.

दिवा लावायच्या आधी, थोडं अंधारलेलं असताना, कात तळहातावर ठेवली आणि आईला हाक मारली. दारातच थांब म्हटलं, घाबरेल ती. आई दारात थांबली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, घेतलीस की रे. मी म्हटलं, त्यात काय.

इथे ती जायला हवी होती. ती आत आली. पलंगावर माझ्या शेजारी बसली. म्हणाली, तो मला नेहमी म्हणायचा, आई, एकदा हात पुढे कर, काही नाही होत. मी ओरडायचे त्याच्यावर. म्हणायचे, मेल्या, आधी हात धू. एकदाही केला नाही मी हात पुढे.

आणि तिने हात पुढे केला. डोळे घट्ट मिटलेले.

मी काय करणार होतो? ठेवली. आईचा हात थरथरत होता, त्यामुळे कातीचे पायपण थरथरले, अगदी जिवंत असल्यासारखे. आई म्हणाली, अगं बाई. मग तिच्याशी बोलायला लागली. मॅडमशी नाही. दादाशी. काय बोलली ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण ते तिचं आहे.

मग मी म्हटलं, पुरे, ती दमली. कात परत घेतली. आई डोळे मिटूनच उठून गेली.

नंतर आईच्या तळहाताला खाज सुटली. त्या केसांनी सुटते. म्हणाली, त्याचे हातपण असेच लाल असायचे. खोबरेल तेल लावू दिलं नाही. असू दे म्हणाली.

दुकानवाल्याला फोन करून तिने नको येऊ म्हणून सांगितलं. मॅडम राहणार! प्लॅन शंभर टक्के सक्सेस. मला आनंद झाला आहे. जेवण गेलं नाही ते दुपारच्या जेवणामुळे.

१९ मार्च
आई म्हणाली, आज दे ना हातात. मी म्हटलं, आज तिचा विश्रांतीचा दिवस आहे.

२० मार्च
म्हटलं, आजपण.

२२ मार्च
आई म्हणाली, फार विश्रांती घेते रे ही. मी म्हटलं, वयाचा भाग आहे. ती म्हणाली, माझ्यापेक्षा लहान आहे की ती.

खरं सांगून टाकायचं का? सांगितलं तर ती पुन्हा तशीच होईल, शर्टांच्या ढिगामागे. आणि दुकानवाला येईल. सांगायचं नाही. त्यापेक्षा मी लवकर खऱ्या मॅडमला हातात घ्यायला शिकतो, मग खोटंपण खरं होईल. उद्यापासून प्रॅक्टिस.

आज ब्रशने टच करणार होतो. ब्रश टाकीच्या झाकणापर्यंत नेला.

२७ मार्च, शुक्रवार
उजव्या हाताला बँडेज आहे. डाव्याने लिहितोय, म्हणून थोडक्यात.

दुकानातून लवकर आलो. दादाच्या खोलीचं दार उघडं. आई पलंगावर बसलेली आणि तिच्या मांडीवरच्या शर्टावर मॅडम. खरी मॅडम. आत कोणीतरी असलेली. दात काळे कुळकुळीत झालेले. आई तिला एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू देत होती, अगदी बरोबर, दादा द्यायचा तशी. बाजूला माझा ब्रश पडलेला.

मला बघून म्हणाली, अरे, हिला वजन आहे की. त्या दिवशी काहीच नव्हतं.

माझ्या मते तिला काही कळलेलं नाही. मी म्हटलं, वाढलीय. ती म्हणाली, हो ना, कसली वाढलीय. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं दादा खोटं बोलला की त्याच्याकडे बघायची.

तेवढ्यात मॅडम तिच्या मनगटाकडे चालायला लागली. मला वाटलं, आता चावणार. दादाला तर वाचवता आलं नाही कोणाला, निदान आईला. हा विचार मी केला नव्हता, हात आपोआप गेला. वरून. झडप.

चावली. मलाच.

गांधीलमाशीएवढं नसतं. दीड गांधीलमाशी. मी ओरडलो, आई उलट मलाच ओरडली की हात झटकू नकोस, पडेल ती, फुटेल. मी झटकला नाही. हे कोणी लक्षात घेतलं नाही. आईने मॅडमला अलगद उतरवून टाकीत सोडलं, झाकण लावलं, मग माझ्याकडे वळली. आणि हसायला लागली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती महिन्यांनी. मी चिडलोच होतो, पण चिडायचं राहिलं.

आई म्हणाली, नुसतं सांगायचं होतंस रे, भीती वाटते म्हणून. मी म्हटलं, भीती नाही वाटत. ती म्हणाली, बरं.

दवाखान्यात नेलं. गरज नव्हती. कंपाउंडरने विचारलं, काय चावलं? मी म्हणालो, मांजर. आई म्हणाली, कोळीण. कंपाउंडर दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, अहो, घरात असला प्राणी कशाला ठेवता?

आई म्हणाली, माझ्या थोरल्याची आहे. धाकट्याला जमत नाही, म्हणून आता मी बघते.

'जमत नाही' असं म्हणायला नको होतं तिने. बाकड्यावर चार माणसं बसली होती.